उशीखालची मिळकत

जोगेश्वरी (पूर्व),
फेब्रुवारी १९८६

प्रिय मित्र धाकू यास,

शिवदासचा आडवा नमस्कार. (उठून करायला डॉक्टरांची परवानगी नाही.) मुलुंडची हवा तुझ्या दम्याला मानवते ना? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? माझं म्हणशील तर मांडीचं हाड प्लास्टरमध्ये सुखरूप आहे, आणि बाकीचा मी त्याच्या सोबतीला पलंगावर.

पडलो कसा, हे तू आलास तेव्हा मालनसमोर, बायकोपुढे, सांगवलं नाही. आपल्या चौथीच्या पुस्तकात झावळीवरच्या पाखराची कविता होती बघ. गुरुजी ती म्हणू लागले की खिडकीबाहेरचा माडसुद्धा गप्प उभा राहायचा. त्या सकाळी पहिल्या दोन ओळी ओठांवर आल्या आणि तिसरी काही केल्या येईना. पुस्तक माळ्यावर होतं. स्टुलावर डबा ठेवला, डब्यावर मी. पुस्तक हाती आलं, स्टूल गेलं. आणि पुस्तकात नेमकं ते पान नव्हतं!

वखारीत न गेलेल्या दिवसाचा पगार मिळत नाही. म्हणून घर चालायचं ते आपल्या गावच्या मंडळाच्या आजारी साहाय्य निधीवर. त्याची अट तुला माहीतच आहे : आजाऱ्याला दुसरीकडून मिळकत असेल, तर तेवढी रक्कम कापायची. मला कुठली आली मिळकत? पण आपल्या लोकांची रीत. आजाऱ्याला भेटायचं आणि निघताना, ‘मोसंबी आणा हो,’ असं पुटपुटत उशीखाली एक नोट सरकवायची. (तुझीही होती. पाहिली मी.) उशी दिवसेंदिवस उंच होत गेली आणि मी बिनघोर झोपलो.

मग अध्यक्ष जयवंत प्लास्टर तपासायला आला. त्याने ते दारासारखं ठोठावलं, हळहळला, आणि जाताना स्वतःची दहाची नोट ठेवायला उशी उचलली. खाली बाकीच्या नोटा. तो तिथेच मोजायला बसला.

‘‘दादा, ही तुमची खासगी मिळकत झाली.’’

‘‘अरे, वरची तर तुझीच आहे!’’

‘‘ती शेजारी म्हणून ठेवली. मोजतोय अध्यक्ष म्हणून.’’

रविवारी सभा भरली. उशीएवढी रक्कम कापली गेली. कुणीतरी विचारलं, मोसंबी चालतील का? त्यावर बराच खल होऊन ठरलं, की मोसंबी बाजारभावाने धरावीत. शहाळ्याबाबत दोन तट पडले, ते अजून पडलेलेच आहेत.

तेव्हापासून कुणी काही आणत नाही, माझं नुकसान होऊ नये म्हणून. आणि आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायची आपल्याला लाज. म्हणून कुणी येतही नाही. दाराशी पावलं हळू होतात, क्षणभर थांबतात, मग भराभर निघून जातात. आता मी चपलांवरून माणसं ओळखतो. निधी पूर्ण मिळतो रे, पैन् पै. पण उशी सपाट झाली आहे आणि झोप येत नाही.

कुणाबद्दल तक्रार नाही. माणसं चांगली आहेत. चांगली आहेत म्हणूनच हे झालं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिवदास

ता. क. मुद्दा राहिलाच. ती तिसरी ओळ तुला येते, वर्गात तूच आधी म्हणायचास. पत्रात लिहू नकोस. येऊन सांग. रिकाम्या हाताने ये. ओळीला बाजारभाव नाही, मी जयवंतला विचारून ठेवलंय.

ता. क. २. मालनने पत्र वाचलं. म्हणते, ‘‘कविता काय फोडणीला घालू? भावोजींना लिहा, रिकाम्या हाताने मुळीच येऊ नका. नोट माझ्या हातात द्या. मी मंडळाची सभासद नाही, आणि आजारी पडायला मला वेळ नाही.’’

तेव्हा नोट तिला. ओळ मला.