सातव्या अक्षराचा पुरावा

६ नोव्हेंबर
१५ तारखेला चर्चच्या तरुण संघात डिबेट. विषय: शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गुप्त अक्षरांनी आपला ख्रिस्ती विश्वास सिद्ध होतो का. मी ‘होतो’च्या बाजूने. विरोधात समर्थ, पिंपळवंडीचा टोमॅटो नर्सरीवाला. सोपं आहे.

पाळकसाहेबांना सांगून टाकलं, जिंकले तर दुसऱ्याच दिवशी दृढीकरण घेते. दोन वर्षं पुढे ढकलतेय. शंका आहे म्हणून नाही. शंका मला नाहीच. पण दृढीकरणात सगळ्या मंडळीसमोर उभं राहून ‘माझा विश्वास आहे’ म्हणायचं आणि ते पूर्ण खरं नसलं तर ते खोटं बोलणं होईल, एवढंच. साहेब ‘बरं’ म्हणाले. फार खूश दिसले नाहीत.

७ नोव्हेंबर
व्हिडिओ परत पाहिला. त्यातले गृहस्थ हिब्रू शास्त्रात ठरावीक अंतरावरची अक्षरं उचलतात आणि प्रभूचं नाव निघतं. मला हिब्रू येत नाही. पप्पांच्या जुन्या मराठी प्रतीवर करणार. चौथीपर्यंत पप्पांनी मला घरीच शिकवलं, ते याच प्रतीवर. प्रभूला मराठी जमत नसेल असं मानणं हाच अविश्वास.

पप्पा म्हणाले, सरळ वाच की गं. सरळ तर सगळेच वाचतात.

९ नोव्हेंबर, दुपारी
दर सातवं अक्षर. काही नाही.

संध्याकाळी
दर नववं. ‘बटम’. प्रार्थना केली. परत सातवं.

१० नोव्हेंबर
सापडलं. ता, र, ण. तारण, म्हणजे पापातून सुटका. एका ठिकाणी जोडाक्षर एक धरलं, दुसऱ्या ठिकाणी दोन. मन खायला लागलं. मग प्रार्थना केली, शांत वाटलं. म्हणजे चालतं.

रत्नाआत्याला दाखवलं. ती म्हणाली, बाई, एवढ्या येळात माजे चार वाफे खुरपून झाले असते.

१२ नोव्हेंबर
समर्थ रस्त्यात भेटला. माघार घे, कुणी हसणार नाही, असं मी त्याला मोठ्या मनाने सांगितलं. तो म्हणाला, ताई, मी अजून तयारीच केली न्हाई. कीव आली. त्याच्यासाठी प्रार्थना केली. हरावा अशी नाही. साधारण तशीच. उद्या क्षमा मागणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सगळ्यांना म्हटलं, आपापलं शास्त्र उघडा, माझ्याबरोबर मोजा. तिथेच चुकलं. सगळ्यांकडे नवं भाषांतर. पहिल्याच ओळीचे शब्द वेगळे. अख्खा हॉल बोट ठेवून मोजत होता आणि निघालं ‘कढवे’. रत्नाआत्या म्हणाली, माजं तर ‘नळ’ आलं, आता काय करू.

मग समर्थ उठला. खिशातून बिबट्यापासून सावध राहायचं पत्रक काढलं. माझ्याच पद्धतीने, जोडाक्षर कधी एक, कधी दोन धरून, त्यातून ‘तारण’ काढून दाखवलं. म्हणाला, आपल्याकडं बिबट्या पण तारण देतोय, राव. सगळे हसले. पाळकसाहेबही, तोंडासमोर शास्त्र धरून.

मूळ हिब्रू असतं तर, असं मी म्हणत होते, तेवढ्यात बेल वाजली.

हरले. शब्द म्हणजे शब्द, उद्या दृढीकरण नाही. खरं तर हलकं वाटतंय. खोटं बोलायचं टळलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
समर्थचं दृढीकरण झालं. तोही घेणार होता हे मला माहीतच नव्हतं. त्याच्याशेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. पाळकसाहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, जिंकायची अट तुझी होती पोरी, माझी नव्हती. मी मान हलवली आणि जागेवरच बसून राहिले.

नंतर समर्थला विचारलं, पुरावा तर तुझ्याकडे काहीच नाही, मग उभा कसा राहिलास. तो म्हणाला, कुणी मागितलाच न्हाई की. तुला मागितला व्हता का?

आठवून पाहिलं. नाही.

घरी आल्यावर आईने माझ्या दृढीकरणासाठी आणलेली नवी पांढरी साडी घडी घालून ट्रंकेत ठेवली. म्हणाली, ब्लाऊज थोडा उसवून ठेवू का, पुढच्या वर्षी घट्ट होईल.