भिंतीवरचा हिरवा दिवा

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. देवाच्या कृपेने मी सुखरूप पोचले, दोन वेळा जेवते आणि कंबर सोडली तर काही दुखत नाही. तुझा गुडघा कसा आहे? तेल रोज लावतेस ना, की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? भावजींचे उपकार आधी लिहिते, नाहीतर ओघात राहून जातील. त्यांनी शब्द टाकला म्हणून पेढीवरची जागा आपल्या पोरासाठी राखली गेली. पक्की खुर्ची, पक्का पगार, डोक्यावर पंखा. ती खुर्ची दुसऱ्या कोणी बळकावण्याआधी पोराला आठ दिवसांत घेऊन ये, असं बजावून यांनी मला इकडे धाडलं, हे तुला ठाऊकच आहे. निघताना मीही देवाला तेच मागितलं होतं, की त्याचं हे भटकं काम एकदाचं सुटू दे.

काम म्हणजे तो दूरदेशीच्या पुस्तकवाल्यांसाठी मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढतो, कॉम्प्युटरवर. एक महिना या गावात भाड्याची खोली, पुढचा महिना भलतीकडेच. (सगळं बिऱ्हाड पाठीवरच्या एका पिशवीत मावतं. मी आणलेले डबेच खोलीला जास्त झाले.) पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुझे साहेब कुठे बसतात?" म्हणाला, "तिघं आहेत, आई. तीन देशांत." "मग तुझ्यावर लक्ष कोण ठेवतं?" "कोणीच नाही." ताई, ऐकलंस का! ज्याला अभ्यासाला बसवण्यासाठी मी दारात पाट टाकून राखण करायचे, त्याच्यावर कोणाचंच लक्ष नाही! पण पाहते तर काय, हा आपण होऊन उठतो, दाढी करतो, आरशात बघून स्वतःलाच दटावतो आणि कामाला बसतो. खोलीत जीव रमला नाही तर कॉफीच्या दुकानात जातो. मलाही नेलं. तिथे सगळे माना खाली घालून, कानांत ती गाणी ऐकायची बोंडं कोंबून, मौनव्रत धरल्यासारखे. एक कप कॉफी घ्यायची आणि दुपारपर्यंत टेबल अडवायचं. (हा कप हिशेबाच्या वहीत चहापाण्यात लिहावा की भाड्यात, यावर मी बराच विचार केला. भाड्यात लिहिला.) नुसतं बसवेना म्हणून मी पिशवीतले मटार काढून सोलायला घेतले. चिरंजीव लाजेने कॉम्प्युटरच्या पडद्यात शिरायचे बाकी राहिले. पण शेजारच्या टेबलावरच्या मुलीने बोंडं काढली आणि म्हणाली, "काकू, मला द्या ना थोडे." देव तिचं भलं करो, माझ्यापेक्षा भरभर सोलले.

आता मुख्य ते लिहिते. परवा एका नव्या साहेबांकडे हत्तीचं अख्खं पुस्तक संध्याकाळी सहाच्या आत पोचवायचं होतं. आवडलं तर त्यांची पुढची सगळी पुस्तकं यालाच. चुकलं तर संपलं. (पेढीवर चुकलं तर रागावतात. या धंद्यात रागावतसुद्धा नाहीत, पुन्हा बोलवतच नाहीत.) तीन आठवडे पोरगा त्या हत्तीपायी झिजला. दुपारी चित्रं पाठवायला लावली, ती आपली आपण सावकाश जात राहतात म्हणे, आणि निश्चिंत मनाने केस कापायला गेला. मी खोली झाडत होते. भिंतीवरच्या डबीत हिरवा दिवा लुकलुकत होता. खोलीत कामाचं माणूस नाही, उजेड म्हणावा तर काडीचा नाही, आणि वीज मात्र जळतेय! माझा हात तू ओळखतेसच. मी बटण बंद केलं आणि समाधानाने जपाला बसले.

पोरगा परतला तो सहा वाजून गेल्यावर. पडदा पाहिला, डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या डबीतूनच इंटरनेट येतं म्हणे; हत्ती अर्ध्या वाटेत अडकला होता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं गं, पण तो खाली बसला आणि म्हणाला, "असू दे, आई. तुला काय माहीत." मी देवापुढे धावले. आधीची मागणी रद्द कर म्हटलं, खुर्ची नको, याचा हत्ती पोचव! (माझ्या दोन मागण्यांत त्याचा गोंधळ होऊ नये म्हणून दोनदा सांगितलं.)

शेवटी त्याने धीर करून साहेबांना पडद्यावर बोलावलं. साहेब आले ते तोंडात ब्रश घेऊन! तिकडे अजून सकाळच होती. सहा म्हणजे त्यांचे सहा. आपल्या पोराने धास्तीत इकडचे धरले होते. ताई, देवाने पृथ्वी गोल केली आणि वर फिरती ठेवली, याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पोराने त्यांना दिव्याचं सांगितलंच. (खोटं त्याला लहानपणीही जमत नव्हतं.) साहेब हसायला लागले, तोच त्यांच्या मागून एक म्हातारी बाई आली, खिडकीत जरा फटफटलेलं पाहून तिने खट्कन दिवा मालवला आणि निघून गेली. साहेब काळोखात बोलत राहिले. मी तिला इकडून हात जोडले.

हत्ती पोचला, आवडला. पुढची पुस्तकं मिळाली. सगळं तुम्हा वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने.

तुझी,
धाकटी

ता. क. १: पोरगा खुर्चीवर येत नाही. पण भावजींचा शब्द वाया जाऊ नये. ती जागा यांना देता येईल का? निवृत्त झाल्यापासून लक्ष ठेवायला यांना माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही. पंख्याखाली शांत बसतील.

ता. क. २: मी आणखी दोन महिने इथेच राहते आहे. तोवर हे जेवायला तुझ्याकडे येतील. मीठ कमी घाल. हे पत्र यांना वाचून दाखव, फक्त ता. क. गाळ.

ता. क. ३: पहिला मात्र वाच. आणि घरी जिन्यातला दिवा मालवला का, ते यांना रोज न चुकता विचार आणि मला कळव. एवढं काम मला इथूनही करता येतं.