बरणीवरची चिठ्ठी

शनिवार संध्याकाळ, ब्रह्मपुरी. भाताच्या रोवणीचे दिवस.

आज प्रयोगशाळेत पाइपफिशची बरणी काढली. बोटाएवढा, काडीसारखा समुद्रातला मासा. समुद्री गवतात उभा राहून गवतासारखाच डुलतो, म्हणून ओळखू येत नाही. मादी अंडी घालते ती नराच्या पोटाखालच्या घडीत, आणि पिल्लं होईपर्यंत तोच वागवतो. दरवर्षी शिकवते मी हे. तर सावली गावची एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, मंग चिठ्ठीवर 'मादी, अंड्यांसह' काऊन लिवलं आहे?"

अक्षर माझंच. याच कॉलेजात शिकत असताना मालवणच्या सहलीहून आणला होता तो. पोटाशी अंडी दिसली, मादी लिहून मोकळी झाले. इतकी वर्षं ती चिठ्ठी वाचलीच नाही.

तेव्हापासून बाबा डोळ्यांसमोर आहेत. नोकरी लागली तेव्हा गावानं सत्कार केला. मी भाषणात म्हणाले, आईनं मला पोटाशी बांधून रोवणी केली. बाबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. घरी आल्यावर आई बाबांकडे बोट दाखवत म्हणाली, "मी कुठी? मी तं दिवसभर चिखलात वाकून राहत होती. तुले यायनं दुपट्ट्यात पोटाशी बांधून शेताच्या धुऱ्यावर फिरवलं. बाया हासत." बाबा म्हणाले, "राहू दे ना." मीही राहू दिलं. का? तो दुपट्टा अजून आईच्या पेटीत आहे. बाबा नाहीत.

बरणीवर नवी चिठ्ठी लावून आले, 'नर, अंड्यांसह'. भाषणातलं ते वाक्य कुठून खरवडून काढू?