मागच्या भिंतीकडची जागा

प्रिय लांब्या,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. पत्ता तुझ्या धाकट्या बहिणीकडून घेतला. तुझे गुडघे दुखतात, तरी शिडीवर चढतोस, हेही तिनेच सांगितलं. चढू नकोस. तुझी आताची बायको सांगतच असेल, त्यात माझी भर.

तू गेलास तेव्हा गाव म्हणजे चर्च, आमचा गोठा, तुझ्या वडिलांचं सुतारकामाचं दुकान आणि बाकी सगळी शेतं. आधी रस्ता आला. मग रस्त्याच्या कडेने घरं आली, सगळी एका साच्यातली. पोस्टमनसुद्धा सुरुवातीला चुकायचा. बाबांनी उरलेल्या गाई विकल्या त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सवयीने पहाटेच उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. आता तिथे बाथरूमच्या फरशांचं दुकान आहे. कुरण कापून जी वसाहत बांधली तिचं नाव 'हिरवं कुरण'. त्या पाटीपाशी आले की बाबा हसायचे. पुढे पुढे नुसतेच बघायचे.

नवी माणसं वाईट नाहीत. शेजारची सून मला दवाखान्यात नेऊन आणते. पण "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं मलाच विचारतात. रविवारी प्रार्थनेला आम्ही जुनी मोजकी डोकी मागच्या बाकांवर, पुढचे बाक रिकामे. नव्या फादरच्या गळ्यात आणखी दोन चर्च आहेत. आशीर्वाद देता देता ते गाडीची किल्ली चाचपतात. घंटेने झोपमोड होते अशी तक्रार आली आणि घंटाही बंद झाली. मी भांडले नाही. फादरना वाटलं, म्हातारी समजूतदार आहे. खरं तर तेव्हा माझा सगळा जीव रस्त्यात अडकला होता.

रस्ता रुंद होणार होता. चर्चची मागची भिंत पाडून तिच्यालगतच्या कबरी हलवणार होते. ज्यांचं कुणी तिथे असेल त्यांनी यावं, अशी सूचना चर्चच्या दारावर लावली होती. मी गेले. तू रोवलेला लाकडी क्रूस कधीच कुजून गेला होता, पण मला जागा शोधावी लागली नाही. दर रविवारी प्रार्थना झाली की मी तिथेच जायचे. तुला हे कधी सांगितलं नाही. तिला तिथे ठेवल्यावर वर्षभर आपण एका घरात राहूनही तिच्याबद्दल बोललो नाही, आणि मग बोलायला घरच उरलं नाही.

कबर उकरणारा माणूस हळुवार होता. त्याने फावडं ठेवलं आणि हातांनी माती बाजूला केली. फारसं काही उरलं नव्हतं रे. तुझ्या हातच्या पेटीचा एक कोपरा तेवढा शाबूत होता, सांधा न सुटलेला. एकही खिळा न मारता केली होतीस तू ती, तिला टोचेल म्हणून.

नवी जागा टेकडीपलीकडे आहे, मोकळी, वाऱ्याची. तिथे प्रत्येक कबरीवर पाटी लागतेच. त्या माणसाने विचारलं, "बाई, नाव काय लिहू?" ती पोटात असताना मी नाव विचारलं की तू म्हणायचास, ठरवलंय, पण बाळाचं तोंड बघून सांगेन. तिने डोळे उघडलेच नाहीत. तू सांगितलं नाहीस, मीही पुन्हा विचारलं नाही. आता विचारते. पाटी कोरी ठेवायला सांगितली आहे. माझी खुशाली विचारू नकोस, तुझी कळवू नकोस. तेवढं नाव कळव.

एके काळची तुझीच,
तिची आई