तुमच्या बटणाबद्दल कुरुंद्याचं मत

कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली
दि. ११ मार्च

आमचे धाकटे साडूभाऊ श्री. विश्वंभरराव यांना कुरुंद्याहून वैजनाथचा आणि घरातल्या सगळ्या लहानथोरांचा नमस्कार पोचावा.

आम्ही सगळे इथं बरे आहोत, तुम्हीही हिंगोलीत बरेच असाल. पुनमचा गुडघा कसा आहे? तिच्या ताईनं, म्हणजे आमच्या नितानं, हळदीचा लेप सांगितला होता तो लावला का? (लावला नसेल तर लावला म्हणून कळवा, नाहीतर ती पुन्हा फोन करून अर्धा तास सांगेल.) तुमचं खताचं दुकान, दुकानापुढचा नवा पत्रा, तुमचं पित्त, सगळं ठीक असावं. फोनची तब्येत मात्र मी विचारणार नाही. ती उत्तमच असणार.

पत्र आलेलं बघून तुम्हाला नवल वाटेल. पण मी फोनवर लिहिलं असतं तर तुम्ही ते त्याच फोनवर वाचलं असतं ज्याच्याविषयी मला लिहायचंय, आणि एखाद्याच्या तोंडावर त्याची निंदा करणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय माझ्या फोनला सध्या जरा तकलीफ आहे, ती पुढं येईल. गेल्या रविवारी निघताना तुम्ही गाडीची काच खाली करून म्हणालात की भाऊ, नव्या फोनचं हे फोटोचं बटण कसं वाटलं ते कळवा. तुम्ही सहज बोललात आणि हिंगोलीच्या रस्त्याला लागलात. पण मला कुणी मत विचारलं की मी ते वाऱ्यावर सोडत नाही. आठ दिवस चौकशी करून, माणसांना भेटून, व्हिडिओ बघून हे मत तयार केलंय, तेव्हा चहा घेऊन निवांत बसा.

आधी मी कोण ते सांगतो, कारण तुम्ही विसरलेले दिसता. कुरुंद्याच्या बसस्टँडसमोर अकरा वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता. या पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांची रेशनकार्डं, शाळेचे दाखले आणि लग्नाचे बायोडाटा माझ्या फोटोंवर चालले. तुमच्या स्वतःच्या बायोडाट्यावरचा फोटोसुद्धा माझाच होता. (तुमची हनुवटी मी जरा डावीकडे वळवली होती. ती तशी वळवली नसती तर पुनमनं काय म्हटलं असतं ते देवालाच माहीत.) पुढं प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओ बंद झाला आणि मी हळदीत पडलो. तरी घरात बारसं असो, जावळ असो, फोटो काढायला वैजनाथच. निदान मागच्या रविवारपर्यंत तरी तसंच होतं.

रविवारी तुम्ही आलात तेव्हा हळद शिजवणं जोरात चालू होतं. दगडोबाची टोळी पिंपातून वाफाळती हळद ताडपत्रीवर ओतत होती आणि माय लिंबाखाली खुर्ची टाकून सगळ्यांना सूचना देत होती (कुणी मागितल्या नव्हत्या). मायनं दोन वर्षांपासून एकच धोशा लावलाय, की आपला एक चांगला फोटो काढून ठेवा, आपल्या मागं भिंतीवर लावायला. लुगडं निवडावं इतक्या शांतपणे ती हे बोलते. त्याला कारण वडलांचा फोटो. वडील, म्हणजे आमचे ग्यानबा, अचानक गेले आणि घाईत पतपेढीच्या फॉर्मसाठी मी काढलेला छोटा फोटो मोठा करून लावावा लागला. त्यात त्यांना कुणीतरी नाव विचारलंय आणि ते आठवत नाहीये, असं दिसतं. नऊ वर्षं माय त्या फोटोला हार घालते आणि हार घालून झाला की माझ्याकडे बघते. तेव्हा मायचा फोटो मीच काढायचा, आणि असा काढायचा की वडलांची भरपाई व्हावी, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आता त्या दिवशी काय झालं ते तुम्ही पाहिलंच, पण तुम्ही चहा पीत होता, म्हणून नीट सांगतो. माझी बोटं हळदीनं पिवळी आणि ओली. फोनच्या काचेला ती माझी आहेत हे पटेना. एकदा टेकवलं तर बॅटरी लागली. धोतराला पुसून पुन्हा टेकवलं तर कॅमेरा उलटा फिरला आणि माय दिसायच्या जागी माझंच तोंड दिसायला लागलं. तोवर माय फोटोचं तोंड करून बसलेली. मायचं फोटोचं तोंड तुम्हाला माहीत नाही. एरवी ती चारचौघींसारखी आहे, पण कॅमेरा दिसला की कोर्टात साक्षीला उभी केल्यासारखी होते. मी वीस वर्षं तिला 'हस' म्हणतोय आणि वीस वर्षं ती ओठ आणखी आवळतेय. मी जरा लांबून घ्यावा म्हणून मागं सरकलो, टाच ओल्या हळकुंडांवर पडली, ती सगळी एकदम सरकली आणि मी पाठीवर. (ढिगाच्या गार कडेला पडलो म्हणून भाजलो नाही. तुम्ही चौकशी केली नाहीत, म्हणून सांगितलं.) माय हसली. तोंडाला पदर न लावता हसली. आणि तुम्ही, एका हातात चहाचा कप तसाच ठेवून, दुसऱ्या हातानं खिशातून फोन काढलात आणि कडेचं ते बटण दाबलंत. कट्ट. ना काच पुसणं, ना कुलूप उघडणं, ना 'मावशी, इकडं बघा'.

मग तुम्ही तो फोटो मायला दाखवलात. तिथंच थांबला असतात तरी चाललं असतं, पण तुम्ही तो मोठा करून दाखवलात. माय बघत राहिली आणि अख्ख्या टोळीदेखत म्हणाली, "हाच. माझ्या मागं हाच लावा. वैजनाथानं त्यांना टांगलं तसं मला टांगू नका." टोळीतल्या बायका हसल्या. दगडोबासुद्धा हसला, आणि त्याला मी हंगामभर दोन्ही वेळा जेवू घालतो. विश्वंभरराव, खरं सांगतो, पडण्याचं मला काही वाटलं नाही, पण हे लागलं. निता म्हणते मी जळतोय. मी जळत नाही. मला फक्त त्या रात्री जेवण गेलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही गेलं नाही, एवढंच.

तर आता मतं. पहिलं माझं, कारण अनुभवानं मी थोरला. हे बटण अनावश्यक आहे. फोन आडवा धरला तर बोट बराबर त्यावर येतं हे मान्य, पण उभा धरला की अंगठ्याला कसरत करावी लागते. वर कव्हर घातलं की ते खोल जातं. खिशात दाबलं गेलं तर खिशाचाच फोटो निघतो, असं एका व्हिडिओत एक माणूस फार तळमळीनं सांगत होता. (त्याचे मी तीन व्हिडिओ बघितले. चांगला माणूस वाटला.) आणि डावखुऱ्यांचं काय? मी डावखुरा नाही, पण असतो तर? असा विचार कुणी केलाय का?

दुसरं मत निताचं. पहिला अर्धा दिवस ती पूर्ण माझ्या बाजूनं होती. बहिणीच्या घरात बटण आलं आणि आपल्या घरात नाही, हे तिलाही सोसवत नव्हतं. ती म्हणाली की अशी बटणं दोन महिन्यांत ढिली होतात आणि मला फार बरं वाटलं. पण दुपारी पुनमनं तिला तुमच्याच फोनवर काढलेला एक फोटो पाठवला. त्यात निता बारीक दिसते. तेव्हापासून तिचं मत असं की बटणात काहीतरी आहे. आमचं घर फुटलं ते असं.

तिसरं मत दगडोबाचं, तेही मी आपणहून विचारलं नाही. तो म्हणाला, "मालक, तुमची काच लई लाडाची हाय. आधी हात धुवून या म्हणती. बटनाला काय, हळदीच्या हातानं दाबा न्हाईतर कोपरानं दाबा." आता हे खरंच, की जानेवारी ते मार्च या गावात कोरड्या हाताचा माणूस सापडणार नाही.

आणि चौथं मायचं. ते मी तिला एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, "त्यात कट्ट वाजतं. मानसाला समजतं की झालं बा, मंग तोंड सोडता येतं. तुझ्यात कधी सुरू झालं न कधी सरलं, काहीच कळत न्हाई. मी आपली अर्धा घंटा दम धरून बसते." वीस वर्षं! वीस वर्षं माय माझ्यासमोर दम धरून बसत होती आणि मी तिला प्रकाश कुठून येतो ते समजावत होतो.

यानंतर जे मी केलं ते कुणाही फोटोग्राफरनं केलं असतं. व्हिडिओत मला असं कळलं की आवाज वाढवायचं जे बटण असतं त्यानंही फोटो निघतो. म्हणजे बटण माझ्याकडेही होतंच, फक्त ते नजरेत भरत नव्हतं आणि मायला दाखवता येत नव्हतं. म्हणून मी निताच्या शिवणाच्या डब्यातून माझ्या जुन्या स्वेटरचं एक मोठं तपकिरी बटण काढलं आणि फोनच्या त्या जागी चटकन चिकटणाऱ्या डिंकानं चिकटवलं. दिसायला, खोटं सांगत नाही, तुमच्यापेक्षा भारदस्त होतं. बुधवारी सकाळी मायला पुन्हा लिंबाखाली बसवलं. म्हटलं, माय, बघ, आपल्याकडंबी आलं. मायनं बटण हातानं चाचपून पाहिलं, तिला ते ओळखीचं वाटलं बहुतेक. मी दाबलं. आवाज काही होईना (फोनचा तो आवाज मी कधीकाळी बंद केला होता, तो चालू कसा करायचा ते सापडलं नाही), म्हणून मीच जिभेनं कट्ट केलं. माय म्हणाली, "आवाज तर तुझ्या तोंडातून येऊन राहिला. काहून फसवून राहिला रे म्हातारीला?"

तोवर डिंक आत उतरला होता. बटण दाबलं ते वर आलंच नाही आणि फोन फोटो काढतच सुटला. एकशे बारा निघाले. मी एकूण एक बघितले, की एखाद्यात तरी मायचे ओठ सुटले असतील. एकशे बारामध्ये माय साक्षीलाच बसलेली आहे. आणि आता फोनचा आवाज जो वर गेलाय तो खाली येत नाही. मला फोन आला की आधी बसस्टँडवरच्या लोकांना कळतं, मग मला. काल मी मळ्यात होतो तर गल्लीतला एक जण सायकलवर येऊन सांगून गेला की तुमचा फोन वाजतोय.

तर एकूण कुरुंद्याचं मत असं, की तुमच्या फोनचं बटण दिखाऊ आहे, टिकाऊ नाही, आणि शांत घरात भांडण लावणारं आहे. माझी थोरला साडू म्हणून सूचना अशी की पुढच्या वेळी याल तेव्हा फोन गाडीत ठेवून यावा. तुम्ही मात्र अवश्य या. पुनमला आशीर्वाद, तुमच्या वडील मंडळींच्या पाया पडतो, आणि तुम्हाला, वयानं लहान असलात तरी, नमस्कारच करतो, कारण सध्या माझी बाजू पडती आहे.

आपला,
वैजनाथ
(माजी छायाचित्रकार)

ता. क. तुमच्या फोनच्या एका व्हिडिओखाली 'मी हा फोन एक महिना वापरला, बटण चौथ्या दिवशी निखळलं, कुणी घेऊ नये' असं कुण्या कुरुंद्याच्या माणसानं लिहिलंय. पुनमच्या बघण्यात आलं असं निता म्हणाली. ते मीच लिहिलंय. लिहिताना बरं वाटलं. पण त्याखाली परभणीच्या एका बाईनं विचारलंय की भाऊ, मग दुरुस्त झालं का, आणि तिला काय सांगावं ते मला चार दिवस सुचत नाहीये. निखळलेलं बटण म्हणजे खरं तर माझ्या स्वेटरचं.

ता. क. २. मुख्य काम राहिलंच. मायचा तो फोटो तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलात, तो मोठा केला की फुटतो, असं वसमतचा फ्रेमवाला म्हणतो. तेव्हा मूळ फोटो पाठवा, जसा निघाला तसा. काल मायला घेऊनच त्याच्या दुकानात गेलो होतो. त्यानं पडद्यावर फोटो लावला आणि म्हणाला की बाकी झकास आहे, फक्त खाली डाव्या कोपऱ्यात कुणाचे तरी दोन पिवळे तळवे वर आलेत, तेवढे कापून टाकतो. मी म्हटलं, काप, आधी ते काप. पण मायनं त्याचा हात धरला. म्हणाली, "ते राहू दे. माझ्या लेकराचे पाय हायेत. भिंतीवर मी एकटीच हसत बसले तर येणारं-जाणारं म्हणंल, म्हातारीला येड लागलं व्हतं." मग फ्रेमवाल्याला तिनं बोट लावून दाखवलं की हा डावा माझा वैजनाथ आणि हा उजवाही त्याचाच. मी बाहेर येऊन चपला शोधत जरा वेळ उभा राहिलो. तेव्हा फोटो अख्खा पाठवा, पायांसकट.