येते म्हणजे जाते

आत्या, मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की माझी मुलगी दारातल्या पायरीवरून घसरली आणि कपाळाला टेंगूळ आलं. टेंगूळ खरं आहे, पायरी खोटी. कळंबच्या आमच्या या घराला पायरीच नाही. तिला फिट आली होती, औषध सुरू असताना, दुसऱ्यांदा. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तुम्ही काही तपासायला येणार नव्हता. तरी तुम्हालाही खोटंच लिहिलं, कारण तेच आदल्या दिवशी शाळेत बाईंना सांगितलं होतं, आणि दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगायची मला भीती वाटते.

शाळेतही ते टिकलं नाही. सात वर्षांची मुलगी माझा हात धरून उभी होती. "बाई, आमच्या घराला पायरी न्हाय," ती म्हणाली. बाई हसल्या. "लई बारीक ध्यान हाय की पोरीचं." मीही हसले, आणि हसता हसता मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. शाळेत नाव घालायच्या आधी तुम्ही मला तिथंच शिकवलंत. परातीतल्या ज्वारीच्या पिठात बोटानं अक्षरं काढायची, तवा तापेपर्यंत. एकदा चुकलेला 'ळ' मी तळहातानं गुपचूप पुसते आणि काही झालंच नाही असं तोंड करते. तुम्ही पाठमोऱ्याच म्हणता, "चुकलं तर खोडावं, पुसू नये. खोडल्यालं दिसाया पायजे." पिठात कसं खोडायचं ते मला कळेना. नवा 'ळ' काढून त्यावर आडवी रेघ मारली, आणि त्या दिवशी ती रेघ आपण भाकरीत खाल्ली.

तुम्हाला ही पोर आवडली असती, किंवा तुम्ही दोघींनी एकमेकींना जेरीस आणलं असतं. ती शब्द जसा येईल तसाच घेते. "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं की ती अडते. दोन्ही हात घडीत गेल्यावर बोट कुणाचं आणायचं? शेजारच्या काकू "येते गं" म्हणून निघाल्या की ही दार उघडं धरून उभी. एकदा पाऊण तास. शेवटी मी सांगितलं, "अगं, निघताना जाते म्हणू नये. येते म्हणजे जाते."

तिनं बराच विचार केला. "मग जे येते म्हणतात, ते जातात."

"व्हय."

तिनं दार लावून घेतलं.

फिट आली त्या दुपारी काकूच आधी धावत आल्या, हातात चप्पल घेऊन. डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ आहे: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना. मी घड्याळ बघत होते, त्यामुळे चपलेकडे बघायला कोणी उरलं नाही. दोन मिनिटांनी अंग सैल पडलं. काही वेळानं तिनं डोळे उघडले, तर नाकाशी चप्पल.

"ही कुणाची?"

"माझी गं बाई," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "हुंगल्यावर बरं वाटतंय."

"न्हाय वाटत," मुलगी म्हणाली.

संध्याकाळी तिनं विचारलं, मला काय झालं होतं. मी म्हटलं, कधी कधी तुला फिट येते. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तुम्ही ठेवायचात तसा. "मग ती जाईल, आई. येते म्हणजे जाते." मी भांडी घासायला उठले. भांडी घासलेली होती.

आता बुधवारी शाळेची सहल तेरला जाणार आहे. त्याचा कागद घरी आला: पाल्यास काही आजार आहे का? मी 'नाही' लिहिलं. 'आहे' लिहिलं आणि तिला नेलंच नाही तर? दहा दिवस ती तेरच्या संग्रहालयातल्या जुन्या मातीच्या भांड्यांशिवाय दुसरं बोलत नाही. पण 'नाही' लिहिलं आणि गाडीत फिट आली, तर घड्याळ बघणारं तिथं कोणी नसेल. चपला मात्र चाळीस जोड असतील. तिनं कागद वाचला. "अक्षर चांगलंय, आई. उत्तर चुकलंय."

"येत्या सोमवारी सांगते बाईंना," मी म्हटलं.

"येत्या म्हंजे जाणाऱ्या?"

 कागदावरचं 'नाही' मी आत्ता आडव्या रेघेनं खोडलं, वाचता येईल असं. खाली 'आहे' लिहिलं, काय करायचं ते चार ओळींत लिहिलं, आणि चप्पल हुंगवू नये ही पाचवी ओळ. बाई काय म्हणतील ते त्यांचं त्या म्हणतील.

हे पत्र आधीच्या पत्रांसारखंच पिठाच्या डब्यामागच्या वहीत राहील. एक कबूल करते. सोमवार मी सोयीचा म्हणून निवडला नव्हता. आज शुक्रवार आहे, उद्या सकाळची शाळा आहे, आणि मला काही काम नाही. आणखी दोन दिवस भ्यायला मिळतील, म्हणून सोमवार. तेव्हा वरचा सोमवार खोडला आहे, पुसला नाही. उद्या, शनिवारी, सकाळी सव्वासातला, प्रार्थनेच्या घंटेआधी.