नवसाचा नारळ आणि मागची सीट

आई, तुम्ही लावायला सांगितलेल्या माडाला यंदा पहिले नारळ धरले. तुम्हाला जाऊन किती काळ झाला ते त्याच्याकडे बघितलं की कळतं. तो आता कौलांच्या वर गेला आहे. काल त्याचा पहिला नारळ उतरवून घेतला आणि शेजारच्या सुनेच्या हातात दिला. ती नवऱ्याबरोबर एस.टी.नं कोल्हापूरला चालली आहे. आपल्याला जे जमलं नाही ते ती पिशवी खांद्याला लावून करून येईल.

तुमचा मुलगा लढाईवर ब्रह्मदेशात होता तेव्हा तुम्ही अंबाबाईला बोलला होतात, की पोर धड परत आलं तर आमच्या वाडीतल्या नारळानं, सुनेच्या हातून तुझी ओटी भरीन. तुम्ही विधवा, ओटी भरायला सवाशिणीचा हात लागतो, म्हणून सून. हे परत आले, धड आले, आणि पुढं लष्कराच्या मोडीत निघालेली एक मोटारसायकलही घेऊन आले. तिला बाजूला माणूस बसायची साइडकार होती. तुम्ही तिला पाळणा म्हणायचात. आगबोटीनं मुंबई आणि तिथून आगगाडी, असं तिघांनी जायची आपली ऐपत नव्हती. मोटारसायकल मात्र दारात उभी होती. मग ओटीवर बसून तुम्हा मायलेकांचे बेत सुरू झाले. आगरदांड्याहून तरीनं खाडी ओलांडून दिघी, मग म्हसळा, महाड, पोलादपूर, घाट चढून सातारा आणि पुढं कोल्हापूर. तुम्ही पाळण्यात, मी ह्यांच्या मागच्या सीटवर. मुक्काम देवळात. पोहे आणि गूळखोबरं घरचं. सुकट जाताना न्यायची नाही, येताना महाडला घेऊन खायची, हेसुद्धा तुम्ही ठरवलं होतंत.

"सगलं खरं, पन पेट्रोलचं काय गे आये?" हे विचारायचे.

"नारळ न्यायचं. घाटावर नारळाला आपल्यापेक्षा जास्ती भाव हाय. इकीत इकीत जाऊ."

"नि तू कुठं बसशील?"

"नारळांवर."

"घाटात इंजिन ओढायचं न्हाय एवढं."

"मंग मला उतरव. मी चालत चढीन. नारळ नको उतरवू."

आणि खरंच तुम्ही पाळण्यात नारळ भरून त्यांवर बसून बघितलंत. पेट्रोल फुकट जाळायचं नाही म्हणून गाडी अंगणातच उभी. पुढं रोजच तुम्ही काम आटोपून, पदर कानामागं खोचून तिथं जाऊन बसायला लागलात. येणारीजाणारी विचारायची, "कुठवर आलीस गो म्हातारे?" तुम्ही म्हणायचात, "महाड गेला मघाशीच. बाजूला हो, चाकाखाली येशील."

मी किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून उलगडून वाचायला शिकले होते. चुलीपुढं कागद घेऊन बसलेली दिसले की तुम्ही म्हणायचात, "कागद वाचून भात शिजतो काय गो?" पण त्या दिवसांत एकदा पाळण्यातून मला हाक मारून म्हणालात, "वाटेवरच्या पाट्या तू वाच. ह्याला येगाची घाई, हा चुकंल." तुमच्या घरात माझ्या वाचण्याला पहिल्यांदाच काहीतरी काम मिळालं. मी गावांची नावं घोकून ठेवली.

दिवाळीला निघायचं तर टायर फाटला. टायर मिळाला तेव्हा पेट्रोलचा परवाना मिळेना. शिमग्यानंतर तरीवाला तांडेल म्हणाला, "पाळणा येगळा काढून आना, मंग गाडी नेतो. म्हातारीला नारळासकट न्हाय नेणार." पाळणा सोडवून परत जोडायला शिकेपर्यंत पाऊस लागला आणि तर बंद झाली. कुणाची चूक म्हणायची? ओटीसाठी देव्हाऱ्यात न सोलता, सोडणासकट ठेवलेला नारळ त्या पावसाळ्यात कोंब धरून बसला. तो देवीला चालेना, फोडवेना. तुम्ही म्हणालात, "वाडीत लाव. दुसरा काढू."

दुसरा काढायच्या आधी तुमच्या अंगावरून वारं गेलं. तुम्ही माजघरात पडून आहात, एक बाजू हलत नाही, आणि मला विचारता आहात, "आता कुठला गाव?" मी तांदूळ निवडता निवडता सांगते, "म्हसळा गेला." मग महाड. मग पोलादपूर. तुमचा मुलगा दारात येऊन ऐकतो आणि गाडीपाशी जाऊन उभा राहतो. गाडी ठीक आहे, पेट्रोल आहे, खाडीतली तर सुरू आहे, आणि आता तुम्हालाच उचलता येत नाही. एकदा तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "घाट आला काय? मला उतरव गो." मी म्हटलं, अजून नाही आला. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

त्यानंतर ह्यांनी कोल्हापूरचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. मग तापानं हेही गेले. लोक म्हणाले, नवस राहिला म्हणून. मी तसं मानत नाही. तुम्ही देवीला सुनेचा हात देऊ केला होतात, आणि तो हात आता ओटी भरायच्या कामाचा राहिला नाही. म्हणून नारळ दुसऱ्याच्या सुनेच्या हाती गेला. देवी तो घेईल की नाही, हे मी कुणाला विचारू?

मोटारसायकल विकली. पाळणा घेणाऱ्याला नको होता, तो वाडीत पडून आहे, मी त्यात सोडणं भरते. काल नारळ दिल्यावर ती सगळी उपसली आणि आत बसले. तिथून कुंपणाच्या गडग्याचे दगड तेवढे दिसतात.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. हा कागद तुमच्यापर्यंत पोचला असता तरी मलाच वाचून दाखवावा लागला असता, आणि एवढं मला तुमच्यासमोर वाचता आलं नसतं: नवसाची ओढ तुम्हाला होती, आई. मला तेव्हाही नव्हती. मला त्या मागच्या सीटवर बसून पाट्या वाचायच्या होत्या.